रीपर सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना लाईट गेली, आजीच्या ओव्या परत मिळतील का?

घणसोली_५:
काल संध्याकाळी घरीच आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करत होतो, पंखा बंद, बाहेर धो धो पाऊस, आजीची अशी तंद्री लागलेली की वीस-बावीस मिनिटं सलग गात होती आणि अचानक लाईट गेली. डेस्कटॉप आहे, यूपीएस नाही, प्रोजेक्ट पण सेव्ह केला नव्हता. आता रीपर उघडलं तर सगळं कोरं. आजी ८४ ची आहे, परत गा म्हटलं तर "आता कुठं आठवतंय" म्हणते. ऑटोसेव्ह असतं ना यात?

कळवा_माईकवाला:
दादा घाबरू नका, आणि आधी त्या ड्राईव्हवर नवीन काही रेकॉर्ड करू नका. ऑटोसेव्ह फक्त प्रोजेक्टची फाईल जपतं, कुठला तुकडा कुठे, व्हॉल्यूम किती एवढंच. आवाज तर रेकॉर्डिंग चालू असतानाच थेट डिस्कवर वेव्ह फाईलमध्ये लिहिला जात असतो. डॉक्युमेंट्समध्ये रीपर मीडिया फोल्डर बघा, कालच्या वेळेची फाईल शोधा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो असेल तर मिनिटाला साधारण साडेआठ एमबी धरा, साईझवरूनच कळेल किती वाचलंय.

घणसोली_५:
आहे!! १८४ एमबी दाखवतंय. पण प्लेयर उघडतच नाही.

ठाणे_तबला:
लाईट गेल्यामुळे फाईलचा हेडर, म्हणजे प्लेयरला फाईल कशी वाचायची ते सांगणारा सुरुवातीचा भाग, अर्धवट राहिला असणार, माझंही एकदा असंच झालेलं. आधी फाईलची कॉपी करा. मग ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्टमध्ये रॉ डेटा (हेडर न बघता नुसता आवाज वाचणं) निवडा, तिथे साईन्ड २४ बिट, लिटल एंडियन, १ चॅनल, रेट ४८००० टाका. बिट चुकले तर नुसती खरखर ऐकू येईल, रेट चुकला तर आवाज जाड नाहीतर चिरका होईल, तेव्हा बदलून बघत राहा. सुरुवातीला एक टिक येईल, तो हेडर, कापून टाका.

घणसोली_५:
आलं!!! जवळजवळ सगळं आलं, फक्त शेवटची ओवी मधेच तुटलीय. खूप खूप आभार दोघांचे.

कळवा_माईकवाला:
वा! आता पुढच्या वेळी पहिला आवाज घ्यायच्या आधीच प्रोजेक्टला नाव देऊन सेव्ह करा. रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये प्रोजेक्टखाली दर ५ मिनिटांचा बॅकअप लावा, वेळ टाकलेल्या वेगळ्या फाईलमध्ये, म्हणजे जुनी पुसली जात नाही. आणि छोटा का होईना यूपीएस घ्याच, पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचा काही नेम नाही.