पट्टे काढले ते बरंच झालं

'झूटोपिया' या डिस्नेच्या ॲनिमेशनपटात शिकारी प्राणी एके काळी खरंच सशांना खायचे, म्हणजे तिथली भीती साधार, म्हणून जातीशी किंवा वर्णाशी तुलना फसते, असं कुणीतरी लिहिलंय, ते निम्मंच पटलं. सिनेमा २०१६चा. पण २०१४च्या शेवटापर्यंत कथेचा नायक निक कोल्हा होता आणि सगळ्या शिकारी प्राण्यांच्या गळ्यात शॉक देणारे पट्टे होते. ते मोडून ज्युडी या पोलीस सशिणीला पुढे आणलं. पट्टे राहिले असते तर अन्याय सरकारचा आणि आपण प्रेक्षक मोकळे! आता तो एका भल्या, कष्टाळू सशिणीच्या कमरेला लटकतो: आईबापांनी काळजीपोटी दिलेला कोल्ह्यांवरचा स्प्रे. शिकारी प्राण्यांचा हिंसकपणा त्यांच्या रक्तातच असावा, असं ज्युडी पत्रकार परिषदेत बोलून जाते; त्यानंतर निक नुसता अंगावर आल्यासारखं करतो आणि तिचा हात आपोआप तिकडे जातो. ती भीती साधार म्हणायची का?

आणि आइस्क्रीमवाला हत्ती. निकला नकार देताना तो 'कुणालाही सेवा नाकारण्याचा हक्क राखून' अशी पाटी दाखवतो (पाट्यांचं पुणेकरांना काय कौतुक!). कोथरूडात मित्रासाठी भाड्याचं घर बघायला गेलो होतो तेव्हा पाटीसुद्धा लागली नाही. काकूंनी चहा दिला, गाव विचारलं, मग पूर्ण नाव. आडनाव ऐकल्यावर कप उचलता उचलता म्हणाल्या, "आमचं काही नाही हो, सोसायटीचं जरा तसं आहे." संध्याकाळी एजंटचा मला फोन, "साहेब, तुम्हाला स्वतःला फ्लॅट हवा असेल तर बोलू का?"