एक्सेलची सारणी आणि पीडीएफ ऑटोकॅडच्या ड्रॉईंगमध्ये: चिकटवायची की जोडायची?

रेघोटी

ए१ शीटवर सळ्यांचं शेड्यूल, म्हणजे कोणत्या सळ्या किती याची सारणी (एक्सेल, साधारण ४० ओळी), कोपऱ्यात लोगो (जेपीजी) आणि मॉडेलमध्ये (मूळ नकाशा काढतो ती जागा) खाली सर्व्हेचा पीडीएफ अशी मांडणी आहे. शेड्यूल एक्सेलमधून कॉपी करून थेट पेस्ट केलंय. अडचणी अशा:

१. शेड्यूलच्या खालच्या ओळी कापल्या जातात.
२. पीडीएफ प्लॉट (छपाईची प्रत) काढला की आकडे धूसर येतात, बाकी ड्रॉईंग स्वच्छ असतं.
३. ज्यांना फाइल पाठवतो त्यांच्याकडे लोगो दिसत नाही. एका ठिकाणी तर शेड्यूलच दिसलं नाही.
४. डीडब्ल्यूजीचा (ऑटोकॅडच्या ड्रॉईंग फाइलचा) आकार अवाच्या सवा वाढलाय.

एक्सेलमधले आकडे अजून बदलत राहणार आहेत. अशा वेळी योग्य पद्धत कोणती?

निळीप्रत

थेट पेस्ट केल्यावर तयार होतो तो ओएलई ऑब्जेक्ट, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमची ड्रॉईंगमध्ये बसवलेली वस्तू. त्यात दोन गोष्टी साठतात: मूळ फाइल आणि तिचं एक चित्र. पडद्यावर आणि प्लॉटमध्ये दिसतं ते चित्रच. मोठी रेंज असली की ते चित्र अर्ध्यावर कापलं जातं. लांब सारणीला हा धोका राहतोच.

धूसरपणाचं कारणही तेच. प्लॉट करताना ओएलईचं रूपांतर ठिपक्यांच्या चित्रात होतं, रेघांचं होत नाही. ऑप्शन्समध्ये प्लॉट अँड पब्लिश या टॅबवर ओएलई प्लॉट क्वालिटी आहे, ती वरच्या दर्जाला न्या (व्हेरिएबल ओएलईक्वालिटी, किंमत २). त्याच्याच खाली प्लॉटच्या वेळी मूळ प्रोग्रॅम उघडण्याचा चेकबॉक्स आहे (ओएलईस्टार्टअप १). प्लॉट सावकाश होईल, पण अक्षरं सुधारतात. रेघेइतकी धारदार मात्र होणार नाहीत.

शेड्यूल न दिसण्याबद्दल: समोरच्याला ओएलईहाइड हे सेटिंग तपासायला सांगा. ० म्हणजे सगळीकडे दिसेल, १ म्हणजे फक्त लेआउटमध्ये (छापायच्या शीटच्या मांडणीत), २ म्हणजे फक्त मॉडेलमध्ये, ३ म्हणजे कुठेच नाही. हे सेटिंग ड्रॉईंगमध्ये जात नाही, त्या त्या संगणकावर राहतं. म्हणून एकाकडे दिसतं आणि दुसऱ्याकडे दिसत नाही. समोरचा मॅक वापरत असेल तर प्रश्नच मिटला, तिथे ओएलई चालत नाही.

ओळंबा

आकार वाढण्याचं कारण गंभीर आहे, म्हणून आधी त्याबद्दल. तुम्ही ४० ओळी निवडल्यात तरी ओएलईमध्ये पूर्ण वर्कबुक जातं, सगळ्या शीट्ससकट. दराचं पृथक्करण, दुसऱ्या कामाचे आकडे, लपवलेले कॉलम, सगळं. डीडब्ल्यूजी मिळालेल्या माणसाने सारणीवर डबल क्लिक केलं की एक्सेल उघडतं आणि खालच्या टॅबवर एकेक शीट त्याच्यापुढे हजर. आधीच पाठवलेल्या फाइल्स एकदा उघडून बघाच.

बदलत्या आकड्यांसाठी डेटा लिंक (एक्सेल फाइलशी जोडलेली सारणी) वापरा:

एक्सेलमध्ये शेड्यूलची रेंज निवडून तिला नाव द्या आणि फाइल सेव्ह करा. ड्रॉईंगमध्ये डेटालिंक कमांड, नवीन एक्सेल लिंक, फाइल निवडा. पाथ टाइपमध्ये रिलेटिव्ह घ्या. त्याआधी डीडब्ल्यूजी एकदा सेव्ह झालेली असू द्या, आणि दोन्ही फाइल्स एकाच ड्राइव्हवर ठेवा; ड्राइव्ह बदलला की रिलेटिव्ह पाथ बनतच नाही. मग पूर्ण शीटऐवजी नाव दिलेली रेंज निवडा. शेवटी टेबल कमांड, त्यात डेटा लिंकवरून, आणि लेआउटमध्ये ठेवा.

आता ही ऑटोकॅडची खरी सारणी झाली. अक्षरं टेक्स्ट म्हणून आणि रेघा रेघा म्हणून प्लॉट होतात, त्यामुळे धूसरपणा आणि कापाकापी दोन्ही थांबतात.

दोन ठिकाणी हमखास चुकतं. रेंजच्या मधे ओळ घातली तर नाव दिलेली रेंज आपोआप वाढते. शेवटच्या ओळीच्या खाली घातली तर वाढत नाही आणि ती सळी ड्रॉईंगमध्ये येतच नाही. म्हणून रेंजच्या तळाशी एकूण वजनाची ओळ ठेवा आणि नव्या ओळी तिच्या वर घाला. दुसरं, एक्सेल बदललं की उजव्या खालच्या कोपऱ्यात फक्त सूचना येते, आकडे आपोआप बदलत नाहीत. प्लॉटपूर्वी डेटालिंकअपडेट चालवायची सवय लावा. जुन्या आकड्यांनी सळ्या कापल्या गेल्या तर ते कुणालाच परवडत नाही.

कंपास

ओळंबा यांच्याशी सहमत, पण ओएलई सरसकट बाद करू नये. आलेख डेटा लिंकमधून येत नाही. तिथे ओएलई ठेवा, फक्त तीन पथ्यं पाळा.

हवी ती शीट नव्या वर्कबुकमध्ये कॉपी करा आणि सूत्रांच्या जागी नुसत्या किमती पेस्ट करा. मगच ती ड्रॉईंगमध्ये आणा. एक्सेलच्या ग्रिडलाइन्स आधी बंद करा, नाहीतर त्याही चित्रात उमटतात. आणि ठेवा लेआउटमध्ये, मॉडेलमध्ये नको. ओएलई फिरवता येत नाही, त्यामुळे फिरवलेल्या प्लॅनच्या कडेला ते कधीच जुळत नाही.

अक्षरांच्या उंचीबद्दल बराच गोंधळ असतो. १० पॉइंट म्हणजे ३.५ मिमी, पण ती फॉन्टची नाममात्र उंची झाली. एरियलचं १० पॉइंटचं मोठं अक्षर प्रत्यक्षात २.५ मिमीच भरतं. म्हणजे शीटवरच्या २.५ मिमी टिपांशेजारी एक्सेलचे १० पॉइंट बरोबर शोभतात. ओएलईस्केल कमांडने आकार बसवा, शेजारी २.५ उंचीचं एक अक्षर लिहून ताडून बघा. डबल क्लिक करून बाहेर पडल्यावर चौकट ताणली गेली तर ओएलईरीसेट वापरा. चौकटीची रेघ प्लॉटमध्ये नको असेल तर ओएलईफ्रेम २.

निळीप्रत

लोगो आणि सर्व्हे राहिले. इमेज अटॅच केली की ड्रॉईंगमध्ये फक्त पाथ साठतो, चित्र साठत नाही. म्हणून समोरच्याला नुसती चौकट आणि फाइलचं नाव दिसतं. लोगो पीडीएफमध्ये रेघांच्या स्वरूपात मिळत असेल तर पीडीएफइम्पोर्टने (२०१७ आवृत्तीपासून आहे) आणा, ब्लॉक करा (सगळ्या रेघांची एकच वस्तू बनवा) आणि टायटल ब्लॉकमध्ये (शीटवरच्या नावाच्या चौकटीत) टाका. मग सोबत फाइल पाठवायची भानगडच उरत नाही. जेपीजीच असेल तर ४० मिमी रुंदीला ३०० डीपीआयने ४७२ पिक्सेल पुरतात. त्याहून मोठ्या फाइलने फक्त प्लॉट जड होतो.

सर्व्हेचा पीडीएफ अटॅचच ठेवा. स्केल आकड्यांवर सोडू नका: ज्याचं माप माहीत आहे अशी सर्वांत लांब रेघ घ्या आणि स्केल कमांडचा रेफरन्स पर्याय वापरा. मग उभ्या दिशेतलं दुसरं माप तपासा. ते जुळत नसेल तर मूळ स्कॅन ताणलेला आहे, त्यावर काहीही आखू नका.

इमेज नुसती पुसली तरी तिची नोंद एक्सटर्नल रेफरन्सेसच्या यादीत राहते. नको असेल तर तिथून डिटॅच करा. अनलोड म्हणजे फक्त तात्पुरती लपवणं.

रेघोटी

डेटा लिंक केली, आकडे स्वच्छ आले. पण ४० ओळींची सारणी शीटवर मावत नाही, एक्सेलपेक्षा बरीच उंच झालीय. फाइल पाठवताना लिंकचं काय करायचं?

ओळंबा

ऑटोकॅडमध्ये ओळीची किमान उंची म्हणजे अक्षराच्या उंचीच्या चार तृतीयांश अधिक वरचा आणि खालचा मार्जिन. मिमी टेम्प्लेटमध्ये मार्जिन १.५ असतो. २.५ मिमी अक्षराला ३.३ अधिक ३, म्हणजे ६.३ मिमी, ४० ओळींचे झाले सुमारे २५३ मिमी. टेबलस्टाइलमध्ये उभा मार्जिन ०.७५ करा, ओळ ४.८ वर येते आणि सारणी १९३ मिमीत बसते. नंतर ओळींची उंची ओढून कमी करावी लागेल, ती आपोआप आकसत नाही. तरीही मावली नाही तर प्रॉपर्टीजमध्ये टेबल ब्रेक्स चालू करा आणि वरचं शीर्षक प्रत्येक तुकड्यावर परत येण्याचा पर्याय निवडा. एक्स्प्लोड मात्र कधीच करू नका, लिंक जाते.

पाठवताना ड्रॉईंगची वेगळी प्रत करा. त्या प्रतीत डेटालिंकअपडेट चालवा, सेल्स निवडून राइट क्लिकने डेटा लिंक डिटॅच करा. आकडे जागेवर राहतात. मग ईट्रान्समिटने (ड्रॉईंग आणि जोडलेल्या फाइल्स एकत्र बांधणारी कमांड) झिप बनवा आणि दुसऱ्या संगणकावर किंवा निदान वेगळ्या फोल्डरमध्ये, मूळ फोल्डरचं नाव तात्पुरतं बदलून, उघडून बघा. नाव न बदलता उघडलं तर पूर्ण पाथने जोडलेली फाइल जुन्या जागेवरून सापडते आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.