मदत हवी आहे: बाजारभावांची १४ लाख ओळींची फाइल, पायथन की आर?

नवखी:
बाजार समित्यांच्या रोजच्या भावांची सीएसव्ही फाइल आहे, साधारण १४ लाख ओळी. रकाने: दिनांक, बाजार समिती, शेतमाल, जात/प्रत, परिमाण, आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर. कांद्याचा महिनावार सरासरी भाव काढायचा आहे. एक्सेलमध्ये पिव्होट आणि व्हीलूकअपपर्यंत जमतं, प्रोग्रामिंग शून्य. विंडोज लॅपटॉप, रॅम ४ जीबी. एक्सेलमध्ये ही फाइल पूर्ण उघडत नाही. पायथनमध्ये पांडाज (तक्त्यांवर काम करणारी लायब्ररी) वापरलं तर सर्वांत मोठा दर ९९५ येतो, आणि फाइलमध्ये ४२०० तर समोर दिसतोय! सरासरीला एरर. पायथन सोडून आर ही दुसरी भाषा शिकू का?

चौकट:
भाषा बदलू नका, आरमध्येही ही फाइल असाच त्रास देईल. ९९५ वरूनच कळतंय की दराचा रकाना मजकूर म्हणून वाचला गेलाय. मजकुराची तुलना डावीकडच्या पहिल्या अक्षरापासून होते. ९ हा ४ पेक्षा मोठा, म्हणून ९९५ जिंकला. कुठेतरी '१,२५०' असा स्वल्पविराम किंवा रिकाम्या जागी '-' असणार.

त्याआधी एक. एक्सेलच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळीच मावतात. अर्धवट उघडलेली फाइल त्याच नावाने सेव्ह केलीत तर पुढच्या ओळी गेल्याच समजा. मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा.

आता क्रमाने. (फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना इंग्रजी स्पेलिंग.)

'रीड_सीएसव्ही'मध्ये 'यूजकॉल्स' देऊन लागतील तेवढेच रकाने घ्या: दिनांक, समिती, शेतमाल, परिमाण, आवक, सर्वसाधारण दर. ४ जीबीत नऊ रकाने ओढायची गरज नाही. आणि 'डीटाइप=एसटीआर' देऊन सगळं मजकूर म्हणूनच वाचा. हे उलटं वाटेल, पण मोठी फाइल पांडाज तुकड्यांनी वाचतं. एका तुकड्यात दर आकडे म्हणून येतात, दुसऱ्यात मजकूर म्हणून. मग अशा रकान्यावर '.एसटीआर.रिप्लेस' चालवलं की जे आधीच आकडे होते ते गुपचूप रिकामे होतात. एरर येत नाही, ओळींची संख्याही तीच राहते. हा सापडायला फार वेळ खातो.

वाचून झालं की लगेच कांद्याच्या ओळी गाळून घ्या. मग दर आणि आवक दोन्हींतले स्वल्पविराम काढा, 'स्ट्रिप'ने आजूबाजूच्या स्पेस काढा आणि 'टू_न्यूमेरिक'ला 'एरर्स=कोअर्स' द्या (आकडा न होणारी नोंद ते रिकामी करतं), पण निकाल नव्या रकान्यात ठेवा. जिथे नवा रकाना रिकामा आहे आणि जुना नाही, त्या ओळींतल्या जुन्या रकान्यावर 'व्हॅल्यू_काउंट्स' लावा, कोणती नोंद किती वेळा आली ते दिसेल. फक्त '-' दिसले तर ठीक. '१२५० रु.' असलं काही निघालं तर ते आधी दुरुस्त करा. 'कोअर्स' न बघता वापरलं की वाईट डेटा दिसेनासा होतो, एवढंच.

तारीख: 'टू_डेटटाइम'ला सोडून दिलंत तर ०३/०४/२०२४ म्हणजे ४ मार्च धरतं. महिनावार हिशोबात हे म्हणजे वाटोळंच. 'फॉरमॅट' स्वतः द्या: टक्का-डी, तिरकी रेघ, टक्का-एम, तिरकी रेघ, टक्का-वाय. शेवटचा वाय कॅपिटल, छोटा वाय दोन आकडी वर्षासाठी असतो.

नवखी:
आभार! सरासरी आली. 'ग्रुपबाय'ने गट पाडून महिन्याचा 'मीन' (साधी सरासरी) घेतला, बरोबर ना?

चौकट:
चालतो तो कोड, पण प्रश्न वेगळा सोडवतो. समजा एका समितीत १०,००० क्विंटल आवक आणि १५०० दर, दुसरीत ५० क्विंटल आणि २५०० दर. साधा 'मीन' २००० सांगेल. आवकेच्या वजनाने काढलात तर १५०५. दर गुणिले आवक हा रकाना करा, महिन्यानुसार त्याची आणि आवकेची बेरीज घ्या, मग पहिलीला दुसरीने भागा. ज्या ओळीत दर रिकामा आहे तिची आवक छेदातूनही वगळा, नाहीतर भाव खाली ओढला जातो. परिमाण सगळीकडे क्विंटल आहे ना, तेही एकदा पाहा.

सांख्यिक:
आरची बाजू कुणी घेत नाहीये म्हणून. रिकाम्या नोंदी असलेल्या रकान्यावर 'मीन' लावला तर आर उत्तरच 'एनए' (नोंद नाही) देतं. 'एनए.आरएम=ट्रू' लिहून 'हो, त्या वगळ' असं सांगावं लागतं. पांडाज न विचारता वगळतं. शिकणाऱ्याला आरची ही कटकट फायद्याची. तारखेला 'ल्युब्रिडेट' या पॅकेजचं 'डीएमवाय' (दिवस-महिना-वर्ष) पुरतं. तरी पायथन सुरू केलंच आहे तर तेच पुढे न्या, दोन्ही एकदम नकोत.

नवखी:
समितीनिहाय यादीत कऱ्हाड दोनदा येतंय. दोन्ही हुबेहूब सारखे, स्पेस काढल्या तरी.

लिपिकार:
ऱ्ह मुळे. तो दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर आणि त्यावर हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडक. पडद्यावर फरक दिसत नाही, 'लेन' लावून मोजा: एकाची लांबी ६ येईल, दुसऱ्याची ७. 'नॉर्मलाइज'मध्ये 'एनएफसी' (एकाच अक्षराची रूपं एकसारखी करणारी पद्धत) दिलं तर र खाली नुक्ता देऊन केलेला ऱ सुधारतो, पण हा जोडकाचा प्रकार तसाच राहतो. त्यामुळे समित्यांच्या वेगळ्या नावांची यादी काढा, 'युनिक'ने, आणि 'चुकीचं नाव: बरोबर नाव' अशी डिक्शनरी करून 'रिप्लेस' करा. 'कराड'ही त्याच झटक्यात निपटेल. मात्र 'लासलगाव', 'लासलगाव - विंचूर' आणि 'लासलगाव - निफाड' एक करू नका, त्या वेगळ्या नोंदी आहेत.

निकाल एक्सेलला पाठवताना 'टू_सीएसव्ही'मध्ये एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. नुसतं यूटीएफ-८ असेल तर एक्सेलमध्ये मराठीचा चिवडा दिसू शकतो. आणि आलेखात नावांच्या जागी चौकोन दिसले तर मॅटप्लॉटलिबचा (आलेख काढणारी लायब्ररी) फॉन्ट 'निर्मला यूआय' करा. तरीही वेलांट्या भलतीकडे गेल्या तर प्लॉटली ही दुसरी लायब्ररी वापरा, ते ब्राउझरमध्ये काढतं, तिथे जोडाक्षरं नीट येतात.