संगणकीय विचारपद्धतीबद्दल विद्यार्थ्यांचे खरे मत कसे जाणून घ्यावे? मदत हवी आहे

नमस्कार. संगणकशास्त्र हा मुख्य विषय नसलेल्या, पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मी संगणकीय विचारपद्धती शिकवते. संगणकशास्त्रज्ञ जॅनेट विंग यांच्या २००६ सालच्या लेखानंतर ही संज्ञा सर्वत्र रुळली. समस्येचे लहान तुकडे करणे, त्यांतले साम्य हेरणे, अनावश्यक तपशील बाजूला ठेवणे आणि उत्तराकडे नेणाऱ्या पायऱ्या क्रमाने मांडणे (म्हणजेच अल्गोरिदम रचणे), एवढे त्यात ढोबळमानाने अपेक्षित असते.

सत्राच्या अखेरीस मी एक प्रश्नावली भरून घेतली. ‘या पद्धतीमुळे समस्या सोडवण्याची माझी क्षमता वाढली’ या विधानापुढे बहुतेकांनी ‘सहमत’वर खूण केली. त्याच विद्यार्थ्यांशी नंतर निवांत बोलले, तेव्हा मात्र वेगळेच ऐकायला मिळाले. अनेकांच्या लेखी हा विषय म्हणजे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करवून घेणारी रचना) लिहिता आला की विषय आला. एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, तुम्ही तुकडे पाडून दिलेत की पुढचं जमतं, पण ते तुकडे आपले आपण कुठे पाडायचे तेच कळत नाही.” सबंध सत्रातला सर्वांत मोलाचा अभिप्राय मला हाच वाटतो, आणि माझ्या प्रश्नावलीत त्याला जागाच नव्हती.

उलट बाजूही आहे. वर्णानुक्रमे लावलेल्या १००० नावांमधून एक नाव संगणकाशिवाय कसे शोधाल, असे मी विचारले होते. दर वेळी मधले नाव पाहून उरलेल्या यादीचा निम्मा भाग बाद करायचा, या विचाराने एका विद्यार्थ्याने कागदावर १०००, ५००, २५०, १२५ असे निम्मे होत जाणारे आकडे एकाखाली एक लिहिले आणि जास्तीत जास्त १० तुलनांमध्ये शोध संपतो, हे स्वतःच ताडले. प्रश्नावलीत याच विद्यार्थ्याने ‘मला अल्गोरिदम जमत नाहीत’ असे नोंदवले आहे. (प्रश्नावलीवर नावे लिहून घेतली होती. गुण देणारी मीच असल्यामुळे उत्तरांवर त्याचा परिणाम झाला असणार, हे मला मान्य आहे.)

पुढच्या सत्रात निनावी प्रश्नावली द्यायची आणि सुरुवातीला व शेवटी एकाच धर्तीची समस्या सोडवायला देऊन, आपण विचार कसा केला हे विद्यार्थ्यांकडून त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचे, असा माझा विचार आहे. मात्र निनावी मत आणि प्रत्यक्ष सोडवणूक यांची सांगड कशी घालावी, हे मला सुचत नाही. नावाऐवजी विद्यार्थ्याने स्वतः निवडलेला सांकेतिक क्रमांक दोन्हीकडे वापरणे कोणी करून पाहिले आहे का? आणि मते समस्या सोडवल्यानंतर लगेच विचारावीत, की काही दिवस जाऊ द्यावेत? असे काम केलेल्यांनी आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.