एनएफएल टॉप १०० : खेळाडूंनीच खेळाडूंना दिलेले नंबर (अनुभव धागा)

तिसरा_डाउन (धागाकर्ता)

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची मुख्य व्यावसायिक लीग. तिच्या एनएफएल नेटवर्क वाहिनीवर २०११ पासून दरवर्षी 'टॉप १००' लागतं. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, फेब्रुवारीत उरकतो, पुढचा हंगाम सप्टेंबरात. मधल्या भाकड महिन्यांत अमेरिकन फुटबॉलवाल्यांना चघळायला काहीतरी हवं, म्हणून ही यादी. शंभरापासून सुरू करून एकापर्यंत यायचं. अशा याद्या ढिगाने असतात, पण इथे मतं पत्रकारांची नाहीत की प्रेक्षकांचीही नाहीत, खुद्द खेळाडूंची आहेत. प्रत्येक नंबराबरोबर एक छोटी फीत असते, त्यात सोबती बोलतात आणि समोरच्या संघात खेळून ज्यांनी त्याचा मार खाल्लाय तेही बोलतात.

पहिला नंबर कोणाकोणाला मिळाला ते आधी टाकून ठेवतो, म्हणजे तेच तेच कोणी विचारणार नाही. २०११ ब्रेडी, मग रॉजर्स, एड्रियन पीटरसन, पेटन मॅनिंग, जे. जे. वॉट, कॅम न्यूटन, पुन्हा ब्रेडी (२०१७ आणि २०१८), २०१९ ला एरन डॉनल्ड, मग लमार जॅक्सन, महोम्स, २०२२ ला परत ब्रेडी, परत महोम्स, २०२४ ला टायरीक हिल, २०२५ ला सेक्वॉन बार्कली. पंधरा वर्षांत बचावातले फक्त दोघे. मोजून बघा.

इथे अमेरिकेतले बरेच जण आहेत, भारतात सोमवारी पहाटे पाचला उठून सुपर बोल बघणारेही आहेत. यादीवरून खुशाल भांडा, पण सोबत स्वतःचा अनुभव लिहा. नुसतं 'अमका ओव्हररेटेड' असं टाकून पळायचं नाही.

एडिसनकर

मी न्यूयॉर्क जायंट्सवाला. एवढ्यावरूनच पुढचं कळलं असेल.

सेक्वॉन २०१८ ला आमच्याकडे आला. संघ रडतखडत खेळायचा आणि हा पोरगा एकटा गाडा ओढायचा. २०२३ नंतर आमच्या साहेबलोकांनी त्याला जाऊ दिला. तेव्हा 'हार्ड नॉक्स' या माहितीपट मालिकेचे कॅमेरे ऑफिसातच होते, त्यात मालक जॉन मारा स्वतः म्हणताना दिसतो की हा फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण आहे. गेला तो तिकडेच! एडिसनहून फिली गाडीने तासाभरावर. अर्धं ऑफिस फिलीच्या ईगल्सवाल्यांचं, म्हणजे सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी जायचीही चोरी.

२०२४ च्या हंगामात त्याने चेंडू घेऊन धावत २,००५ यार्ड काढले. जॅक्सनव्हिलविरुद्धची ती उडी सगळ्यांनी पाहिली असेलच. एकाला चुकवून गर्रकन वळला, पाठ पुढे झाली, आणि पुढचा माणूस अंगावर येतोय हे न बघता पाठमोराच त्याच्यावरून उडी मारून गेला. मी ती थांबवून थांबवून पाहिली आहे. उडताना त्याचं तोंड आपल्याच गोलकडे असतं. पुढे ९ फेब्रुवारी २०२५ ला, स्वतःच्या वाढदिवशी, सुपर बोल जिंकला.

त्यामुळे यादीत तो पहिला येणार हे मला आधीच दिसत होतं. तरी शेवटचा भाग लावून बसलो. बायको म्हणाली, "कशाला जखमेवर मीठ चोळून घेतोस?" पण खरं सांगतो, तो पहिला आल्यावर बरंच वाटलं. आमच्याकडे असताना आम्ही ज्याच्यासाठी बोंबलत होतो ते शेवटी बाकीच्यांनीही मान्य केलं. मारा साहेबांची झोप त्यांची त्यांनी बघावी.

लिबर्टीबेल

@एडिसनकर, पार्सल फिलीला पोचलं. आभारी आहोत. 😁

सांगलीची_लेक

आम्ही ह्यूस्टनला. २०१५ च्या उन्हाळ्यात आई आली होती, सहा महिने. नवरा संध्याकाळी हा कार्यक्रम लावायचा. आईला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं; किती माणसं मैदानात आहेत हेही ती विचारायची. पण माणसं बोलायला लागली की विणकाम खाली ठेवून ऐकायची, मी मधूनमधून अर्थ सांगायचे. तिला पटकन लक्षात आलं की बोलणारे दोन प्रकारचे असतात. स्वतःच्या संघातला बोलला की म्हणायची, "हा घरचा, हा चांगलंच बोलणार." समोरच्या संघातला आला की कान टवकारायची. "विहिणीने कौतुक केलं तर ते खरं."

त्या वर्षी वॉट पहिला आला, आमच्या ह्यूस्टन टेक्सन्सचा. आदल्या हंगामात २०.५ सॅक (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला फेकायच्या आतच पाडणं), आणि गडी बचावातला असून पाच टचडाउन (चेंडू समोरच्या गोलपट्टीत नेणं)! ज्या लाइनमनना त्याच्यासमोर उभं राहावं लागलं होतं ते बोलत होते आणि आई मान डोलवत होती. तिला नाव लक्षात राहायचं नाही, म्हणून 'नव्व्याण्णव नंबरवाला'.

२०१७ ला हार्वे वादळात ह्यूस्टन बुडालं. आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी, आम्ही मैत्रिणीकडे वरच्या मजल्यावर. वॉटने दोन लाख डॉलरचं लक्ष्य ठेवून निधी सुरू केला होता, तो तीन कोटी सत्तर लाखांच्या वर गेला. आईला २००५ चा सांगलीचा पूर चांगला आठवतो. फोनवर म्हणाली, "नव्व्याण्णववाला निघाला बाई कामाचा. त्या तुमच्या यादीत आता काय नंबर आहे त्याचा?" दुखापतीने तो त्या हंगामात पाचच सामने खेळला, पण ते काही मी तिला सांगत बसले नाही.

ओव्हरलँड_पार्क

कॅन्सस सिटीवाल्यांतर्फे तक्रार नोंदवून घ्या. फेब्रुवारी २०२० ला सुपर बोलमध्ये चौथ्या क्वार्टरला दहाने मागे असताना महोम्सने सामना फिरवला, ३१-२०. आम्ही पन्नास वर्षांनी जिंकलो. आणि उन्हाळ्यात यादी काय म्हणते? महोम्स चौथा! लमार, रसेल विल्सन, डॉनल्ड आणि मग आमचा. आमच्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. गणपतीच्या वर्गणीचा मेसेजही वाहून गेला.

तिसरा_डाउन

@ओव्हरलँड_पार्क, त्यामागे कारण आहे. बरीचशी मतं प्लेऑफ (बाद फेरी) संपायच्या आतच गोळा झालेली असतात. त्या हंगामात महोम्स गुडघ्यामुळे दोन सामने बाहेर होता, आणि लमार एकमताने एमव्हीपी (हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू). मत देणाऱ्याच्या डोळ्यासमोर तेच होतं. शिवाय मतपत्रिकेवर खेळाडू वीसच नावं लिहितो. पहिल्या दहा-पंधरात कोण हे त्यातून नीट ठरतं, पण पंच्याऐंशीवा आणि सत्त्याण्णववा यांच्यात फरक असून असून किती मतांचा असणार? शंभरावा कोण यावर भांडणाऱ्यांची मला कीव येते. काही खेळाडूंनी तर आम्ही कधी मत दिलंच नाही असंही सांगून टाकलंय.

निळा_पेन

म्हणजे सगळा टीआरपीचा खेळ. झालं.

तिसरा_डाउन

@निळा_पेन, अनुभव लिहा हो.

निळा_पेन

हाच अनुभव आहे. मॅनिंग २०११ चा अख्खा हंगाम मानेच्या दुखण्याने घरी होता, एक चेंडू फेकला नाही, तरी २०१२ च्या यादीत हजर. ब्रेडीने २०२२ च्या फेब्रुवारीत निवृत्ती जाहीर केली, मार्चमध्ये परत आला, ऑगस्टात पंचेचाळिशीत पहिला नंबर. खेळाडूही शेवटी आपल्यासारखेच, ओळखीचं नाव दिसलं की शिक्का.

मिनीआपोलिसची_मीरा

माझा अनुभव जरा वेगळा आहे, लिहू की नको करत होते.

लग्न होऊन आले तेव्हा एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर मिळणाऱ्या व्हिसावर) होते, नोकरी करायची परवानगी नाही. हिवाळ्यात खिडकीबाहेर बर्फ, आणि घरात टीव्ही. २०१२ चा हंगाम. नवऱ्याला वायकिंग्जचं वेड, मलाही लागलं. एड्रियन पीटरसनचा गुडघा आदल्या वर्षी ऐन नाताळात फाटला होता, लोक म्हणत होते संपला. पुढच्या सप्टेंबरात पहिल्याच सामन्याला हजर, आणि हंगामाअखेर २,०९७ यार्ड. एरिक डिकरसनचा १९८४ पासूनचा विक्रम २,१०५ चा. आठ यार्ड! दिवाणखान्यात दोन ढांगा टाकल्या तर संपतील इतके. २०१३ ला यादीत पहिला आला तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. जर्सीही घेतली होती, २८ नंबरची, जांभळी.

मग २०१४ ला त्याने स्वतःच्या चार वर्षांच्या मुलाला फोकाने मारल्याचं प्रकरण आलं. खटला झाला, उरलेला हंगाम निलंबन. तेव्हा माझा मुलगा दीड वर्षाचा होता. आमच्या मराठी घोळक्यातले दोघंतिघं म्हणाले, "त्यात काय, आम्हीही खाल्लाय मार, बिघडलं का काही?" मी त्या जेवणातून उठून आले. यादी फक्त खेळाचा नंबर देते, माणसाचा नाही, हे डोक्याला कळतं. पण तो २०१३ चा भाग आता यूट्यूबवर समोर आला की मी पुढे ढकलते. जर्सी दानपेटीत टाकली. नवऱ्याने त्याची ठेवली आहे, त्यावर आम्ही बोलत नाही.

सांगलीची_लेक

@मीरा, बरं झालं लिहिलंत.

डावा_गार्ड

डॅलसहून. आयडीवरून कळलं असेल, मी ऑफेन्सिव्ह लाइनचा पंखा आहे. जगात असे फार नसतात.

क्वार्टरबॅक चेंडू फेकतो, कॅमेरा चेंडूमागे जातो. त्याला फेकायला जे अडीच-तीन सेकंद मिळाले ते ज्या पाच जाड्या माणसांनी विकत घेतले, ते फ्रेमच्या बाहेर. त्यांचा काही आकडाच नसतो. यार्ड नाहीत, टचडाउन नाहीत. पंचाने दंड केला तरच नाव पुकारलं जातं. आमच्या काउबॉइजचा झॅक मार्टिन २०१४ ते २०२४ एकाच संघात खेळला, सात वेळा फर्स्ट टीम ऑल-प्रो (त्या वर्षीच्या सर्वोत्तम संघात निवड). पहिल्या नंबराच्या आसपास कधी चर्चा तरी झाली का त्याची? मी ऑफिसात सपोर्टला आहे, सर्व्हर पडला तरच लोकांना आमची आठवण येते, त्यामुळे माझं प्रेम समजून घ्या.

निळा_पेन यांना मात्र एक सांगेन. लाइनमनचं नाव यादीत जेव्हा केव्हा येतं तेव्हा ते खेळाडूंमुळेच. प्रेक्षकांवर सोडलं असतं तर शंभरच्या शंभर चेंडूवाले आले असते.

स्टीलवाला

@डावा_गार्ड, +१. आणि म्हणूनच २०१९ चा एरन डॉनल्ड मला सगळ्यात आवडता पहिला नंबर. खेळला रॅम्सकडून, पण मूळ आमच्या पिट्सबर्गचा. शाळा, कॉलेज सगळं इथलं. लहानपणी पहाटे उठून तळघरात वडिलांबरोबर वजनं उचलायचा. डिफेन्सिव्ह टॅकलच्या जागेसाठी बुटका म्हणून २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजातले नवे खेळाडू निवडतात तिथे) तेराव्या नंबरापर्यंत खाली आला. मग दोन-दोन माणसं लावूनही आवरेना. २०१८ ला २०.५ सॅक, तेही मधल्या गर्दीतून, कडेच्या मोकळ्या जागेतून नव्हे. एकदा एक सामना फक्त त्याच्यावर नजर ठेवून बघा. चेंडू कुठे गेला ते कळणार नाही, चालेल. स्नॅप झाल्याबरोबर (सेंटरने पायांतून चेंडू मागे दिल्याबरोबर) त्याचे हात समोरच्याच्या छातीला आधी लागतात, पाय नंतर हलतात.

कोथरूड_ब्लिट्झ

पुण्याहून हजेरी. आमच्याकडे हा खेळ म्हटलं की लोक आधी रग्बी म्हणतात. २०१२ ला एलिट फुटबॉल लीग निघाली होती, तिचा पहिला हंगाम कोलंबोत खेळवला आणि पुणे मराठाज जिंकले, हे पुण्यातच कोणाला माहीत नाही. सुपर बोलची अंगठी असलेला ब्रँडन चिलार, पॅकर्सचा, भारतीय वंशाचा, त्यानेही त्यात पैसे घातले होते.

आम्ही फ्लॅग फुटबॉल खेळतो. पाच-पाच जण, कमरेच्या पट्टीचा फडका ओढला की चेंडूवाला तिथेच थांबला. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकात आहे, त्यामुळे घरचे आता थोडं गांभीर्याने घेतात. टॉप १०० च्या फिती आम्ही तुकड्यातुकड्यांत यूट्यूबवर बघतो. गेल्या पावसाळ्यात मैदानात चिखल, खेळ बंद, तेव्हा आमच्या संघापुरती अशीच यादी काढली. चौदा जण, प्रत्येकाने चिठ्ठीवर पाच नावं क्रमाने लिहायची, स्वतःचं नाव लिहायचं नाही. मी क्वार्टरबॅक आणि कप्तान. पहिला आला आमचा सेंटर. कारण विचारलं तर सगळ्यांचं एकच, ओल्या चेंडूने नीट स्नॅप त्याच्याशिवाय कोणालाही जमत नाही. मी चौथा. एकाने तर मला पाचातही धरलं नव्हतं, आणि अक्षर मला ओळखू येतं.

डावा_गार्ड

@कोथरूड_ब्लिट्झ, त्या सेंटरला माझ्यातर्फे मिसळ. डिसेंबरात पुण्यात येतोय, कुठल्या मैदानावर खेळता?

कोथरूड_ब्लिट्झ

व्यनि (खाजगी निरोप) केलाय. बूट घेऊन या, आमच्यात एक माणूस कमी आहे.