बाळागोळी म्हणजे बाळगुटी नव्हे

प्रश्न : मुंबईच्या गिरणगावाबद्दल, म्हणजे कापडगिरण्यांच्या कामगारवस्तीबद्दल, वाचताना 'बाळागोळी' हा शब्द भेटला. ही आपली बाळगुटीच ना? की बाळकडू?

उत्तर : नाही, तिन्ही वेगळे. बाळगुटी सहाणेवर उगाळतात. वेखंड, हिरडा, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ, ज्याचे त्याचे उगाळायचे ठरलेले वेढे. बाळकडू हे तान्ह्याला द्यायचं कडू औषध. पुढे त्याचा अर्थ लहानपणापासून मिळालेली शिकवण असा झाला आणि तोच टिकला. बाळागोळी मात्र अफूची. आई गिरणीत गेली की पोर दिवसभर निजून राहावं म्हणून द्यायची. मुंबईच्या गिरणीकामगार बायकांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ च्या सुमारास नोंदवलं आहे, की शंभरातल्या ९८ तान्ह्यांना अफू दिली जाते.

दुसरं मत : पण गावाकडेही गुटीत अफूचा कण घालत. मग एवढा फरक कसा?

उत्तर : घालत, खरं आहे. फरक हाताचा आहे. सहाणेवर किती उगाळायचं ते आजीच्या हातात असे आणि पोरावर तिची नजर असे. गिरणगावात गोळी तयार मिळे, आणि ती दिल्यावर घरात बघणारं कुणी असेलच असं नसे. अफूनं भूक मरते, बद्धकोष्ठ होतं, श्वास मंदावतो. पोर दूध मागत नाही, रडत नाही, वाळत जातं. 'निजलंय' आणि 'गुंगलंय' या दोन क्रियापदांतलं अंतर आईला पटवणं, हेच त्या काळच्या आरोग्यशिक्षणातलं सगळ्यांत अवघड काम होतं असं मला वाटतं. गोळीच्या नावातच 'बाळ' होतं. ऐकणारीला ते औषधच वाटणार.

प्रश्न : म्हणजे अडाणीपणा?

उत्तर : हा शब्द मला इथे फार खुपतो. १८९१ च्या कारखाना कायद्यानं बायकांच्या कामाला मर्यादा घातली, ती दिवसाला ११ तासांची. भोंगा झाला की निघायचं, खाडा झाला की मजुरी बुडायची. १९११ साली कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी स्थापन केलेली सोशल सर्व्हिस लीग ही संस्था कामगारवस्तीत काम करत होती. पण व्याख्यान ऐकून घरी आलेल्या आईनं दुसऱ्या दिवशी पोर कुणाजवळ ठेवायचं? 'गोळी देऊ नका' या वाक्याला 'पाळणाघर' हा शब्द जोडल्याशिवाय ते पुरं होत नव्हतं. बाळंतपणातल्या भत्त्याचा कायदा मुंबई इलाख्यात झाला, तोही १९२९ मध्ये.

म्हणून 'बाळागोळी'च्या अर्थात नुसतं 'अफूची गोळी' लिहून भागणार नाही. 'कामावर जाणारी आई तान्ह्याला देई ती' एवढं तरी त्यात हवं.