सीसीएनए सरावासाठी जुने स्विच-राउटर हवेत: हा संच घ्यावा का?

सिस्कोच्या सीसीएनए या नेटवर्किंग प्रमाणपत्र परीक्षेची (२००-३०१) तयारी करतोय. पॅकेट ट्रेसर (सिस्कोचा सिम्युलेटर) चालू आहेच, पण प्रत्यक्ष उपकरणांवर हात बसायला हवा. बजेट १२ हजार. लॅमिंग्टन रोडवर एक संच मिळतोय: दोन २९५० स्विच, दोन २८११ राउटर, त्यांत डब्ल्यूआयसी-२टी (सिरियल पोर्टची) कार्डं आणि सिरियल केबल. घ्यावा का? घर वन बीएचके, त्यामुळे आवाज कमी हवा. दुकानात काय तपासू?

प्रतिसाद १
नका घेऊ. हा संच जुन्या अभ्यासक्रमाचा आहे. २००-३०१ फेब्रुवारी २०२० मध्ये आली तेव्हा ईआयजीआरपी हा राउटिंग प्रोटोकॉल आणि सिरियल लिंकवरचा पीपीपी हा जोडणीचा प्रोटोकॉल गेले. राउटिंगमध्ये मुख्यतः स्टॅटिक रूट आणि सिंगल एरिया ओएसपीएफव्ही२ (राउटिंग प्रोटोकॉल) उरलं. म्हणजे कार्डांचे आणि केबलचे पैसे वायाच. २९५० ची आयओएस (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टिम) १२.१ वरच थांबली.

पैसे स्विचवर घाला: २९६०-२४टीटी-एल दोन, ३५६०-२४टीएस-एस एक, आणि उरलेल्यात १८४१ राउटर. व्हीलॅन (स्विचवरची वेगळी आभासी नेटवर्क), ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारी लिंक), एसटीपी (लूप टाळणारा प्रोटोकॉल), इथरचॅनल (अनेक लिंक मिळून एक) सगळं यात बसतं. एसटीपीसाठी तीन स्विच त्रिकोणात जोडा, म्हणजे ब्लॉक झालेला पोर्ट डोळ्यांना दिसेल.

मॉडेलचं शेवटचं अक्षर नीट वाचा. २९६० वर एल म्हणजे लॅन बेस, एस म्हणजे बरीच फीचर्स कापलेलं लॅन लाइट. ३५६० वर मात्र एस म्हणजे आयपी बेस, आणि ते चालेल. आयओएस १२.२(५५)एसई असेल तर त्यात मर्यादित ओएसपीएफही मिळतं. आवाजासाठी पीओई (नेटवर्क केबलमधून वीज देणारी) मॉडेल्स टाळा. २९६०-८टीसी-एल ला तर पंखाच नाही.

प्रतिसाद २
दुकानात लॅपटॉप आणि कन्सोल केबल घेऊनच जा. पुटी या टर्मिनल प्रोग्राममध्ये वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, फ्लो कंट्रोल बंद. यूएसबी-सिरियल केबल एफटीडीआय चिपची घ्या. नकली प्रोलिफिक चिपला विंडोजचा नवा ड्रायव्हर नाकारतो आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड १० दिसतो.

स्विच चालू केल्यावर सिस्ट दिवा हिरवा व्हायला हवा, अंबर राहिला तर परत द्या. मग ‘शो व्हर्जन’ आणि ‘शो फ्लॅश’. आयओएसच्या फाइलच्या नावात के९ (एन्क्रिप्शनची खूण) हवं, नाहीतर एसएसएच (सुरक्षित दूरस्थ लॉगिन) चालणार नाही. १८४१ मधलं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड कुणी काढून घेतलं असेल, तर राउटर रॉममॉन या प्राथमिक बूट मोडवरच अडकतो. आयओएसची इमेज (फाइल) सिस्कोकडून उतरवायला सर्व्हिस करार लागतो, म्हणून ती फ्लॅशमध्ये आहे हे पाहूनच पैसे द्या.

प्रश्नकर्ता
जुना पासवर्ड निघाला तर?

प्रतिसाद २
राउटर चालू होताना कीबोर्डवरची ब्रेक कळ दाबा, मग ‘कॉनफ्रेग ०एक्स२१४२’ आणि ‘रीसेट’. नवा पासवर्ड टाकल्यावर कॉन्फिगरेशन रजिस्टर ०एक्स२१०२ वर आणा. हे राहिलं की सेव्ह केलेलं कॉन्फिगरेशन दर रीलोडला गायब झाल्यासारखं वाटतं. स्विचवर मोड बटण दाबून ठेवून वीज द्या, मग ‘फ्लॅश_इनिट’, कॉन्फिग.टेक्स्ट फाइलचं नाव बदला, ‘बूट’.

व्हीलॅन.डॅट ही फाइलही फ्लॅशमधून पुसा. ‘राइट इरेज’ने ती जात नाही, आणि जुन्या कंपनीचं व्हीटीपी (स्विचमध्ये व्हीलॅनची यादी वाटणारा प्रोटोकॉल) डोमेन नि व्हीलॅन तुमच्या लॅबमध्ये शिरतात.

प्रतिसाद १
वायरलेस आणि ऑटोमेशनसाठी हार्डवेअर घेऊ नका. पॅकेट ट्रेसरमध्ये वायरलेस कंट्रोलर आहे, आणि सीएमएल (सिस्कोची आभासी लॅब) च्या फुकट आवृत्तीत ५ नोड चालतात.